वहीतली सही आणि बैठकीतली बाई



कळसाडीहून तुमची समन्वयक ताई बोलतेय. भाकरी टाकता टाकता ऐकत असाल तर टाकत राहा. आज मला एका वहीची गोष्ट सांगायची आहे आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. बीएला मीही तेच पाठ केलं. मजुरी करणाऱ्या बायांनी आपल्या कामाच्या संघटना कशा उभ्या केल्या, हे त्या पुस्तकांत जवळजवळ नव्हतंच. गटाच्या कामाला लागल्यावर कुठे प्रशिक्षणात ऐकलं, कुठे जुन्या कार्यकर्त्यांकडून कळलं, कुठे वाचायला मिळालं, असं तुकड्यातुकड्यांनी ते माझ्या हाती आलं.

आधी वही.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावच्या ग्रामसंघाचं काम बघत होते. गावाचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती, गावाची नाही. महिन्याची बैठक ठरलेली असायची, पण निंदणी असली की बाया नाहीत, कापूस वेचणी असली की बाया नाहीत, लग्नसराईत तर विचारूच नका. आणि महिनाअखेरीला ठरावाची वही तपासायला जायची. मग मी काय करायची? ठराव स्वतः लिहायची, वही काखेत मारायची आणि दिवेलागणीला घरोघर सह्या घेत फिरायची. चुलीपुढची बाई पिठाचा हात पदराला पुसायची, मी बोट ठेवीन तिथे सही करायची आणि परत भाकरी थापायला लागायची. ठराव कशाचा, हे कोणी विचारत नसे. मला वाटायचं, केवढा विश्वास आहे यांचा माझ्यावर!

पुढे गुंतवणूक निधीतून कर्ज वाटायची वेळ आली. चार गटांना मिळालं, बाकीच्यांना थांबा म्हटलं. एका मावशीला शेळ्या घ्यायच्या होत्या. ती कित्येक महिन्यांनी बैठकीला आली आणि सरळ म्हणाली, ‘‘हे कोणी ठरवलं?’’ अध्यक्षताईंनी वही उघडून दाखवली. ठरावाखाली मावशीची सही होती. तिने ती बोटाने चाचपून पाहिली. म्हणाली, ‘‘माय, सही तर माझीच आहे. पण मी कुठे होते?’’

खोलीत कोणी बोललं नाही. पैसे कोणी खाल्ले नव्हते. ज्यांना कर्ज मिळालं त्यांची परतफेड चांगली होती, ठराव नियमातच बसत होता. तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्या दिवसापासून मला हाच प्रश्न पडलाय, की बाई संघटनेत आहे असं नेमकं कधी म्हणायचं? वर्गणी भरली, नाव चढलं, सही झाली, तर कागदावर ती सभासद होते. पण ज्या संघटनांनी बायांचं काही भलं केलं, त्यांची गोष्ट वाचताना मला एक दिसतं. कुठेतरी, कुठल्यातरी बैठकीत, एक साधी बाई उठून काहीतरी बोललेली असते, आणि तिथून पुढे सगळं वळलेलं असतं.

याची पहिली गोष्ट आपल्याच मातीतली आहे.

आपला नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो. मी सांगते तो काळ त्याच्याही पंचवीस-सव्वीस वर्षं आधीचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याच्या काळ्याभोर जमिनीत, आपली कितीतरी भिल्ल माणसं ‘साल’ धरून राबायची. जमिनी सावकारीत गेलेल्या. सालदाराला वर्षाचा ठोक मोबदला, आणि उचल घेतली असली तर ती फिटता फिटत नसे. १९७१ मध्ये पाटीलवाडीचं प्रकरण घडलं, आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर ३० जानेवारी १९७२ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती, आपले अंबरसिंग महाराज. ते स्वतः भिल्ल, आधी सर्वोदयाचं काम केलेले. १९७४ मध्ये ते गेले. आजही म्हाताऱ्या माणसांपुढे त्यांचं नाव काढा, माणूस जरा सरळ होऊन बसतो.

या चळवळीत जमिनीचा, मजुरीचा, दुष्काळी कामांचा प्रश्न होता. १९७२चा दुष्काळ तुमच्या सासवांना विचारा. खडी फोडायला बायाच जास्त असायच्या. मोर्चालाही बाया येत. घोषणा देण्यात, गाणी म्हणण्यात, या गावाहून त्या गावाला चालत जाऊन बायाबापड्यांना जागं करण्यात त्या पुढे होत्या. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी शहाद्याच्या चळवळीवर १९७६ मध्ये एक लेख लिहिला, आणि त्यात बायांच्या या धीटपणाची नोंद आहे. आपल्या आज्यांबद्दल परदेशात छापून आलं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही!

पण मला मोर्चापेक्षा मोठी वाटते ती शिबिराची गोष्ट. संघटनेची शिबिरं व्हायची, तशी पुढे बायांची वेगळी शिबिरं सुरू झाली. वेगळी का? तर पुरुषांपुढे बाई मजुरीचं बोलेल, जमिनीचं बोलेल, पण घरात रात्री काय होतं ते बोलणार नाही. अशा एका शिबिरात एका गावच्या बायांनी सांगितलं की आमचे नवरे दारू पिऊन मारतात, आणि दारूचे अड्डे तर गावातच आहेत. हा विषय शिबिरात आधी ठरलेला नव्हता. तो त्या बायांनी आणला. मग जमलेल्या बाया उठल्या, त्या गावी गेल्या आणि दारूची मडकी फोडली. तिथून ते लोण गावोगाव पसरलं. मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावणं सुरू झालं.

आता विचार करा, त्या बाया त्या दिवशी शिबिराला गेल्याच नसत्या तर? किंवा गेल्या असत्या पण मागे भिंतीला टेकून बसल्या असत्या, पुढारी बोलतील ते ऐकलं असतं, जेवून परत आल्या असत्या? मजुरी कदाचित वाढली असती. मडकी मात्र तशीच राहिली असती. कारण दारूचा त्रास कुठे दुखतो ते ज्याच्या त्याच्या पाठीलाच माहीत होतं.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्या शेजारी गुजरातेतही बायांचं काही घडत होतं. गुजरात आपल्याला नवी नाही. ऊसतोडीला आपली अर्धी वस्ती तिकडे जाते. अहमदाबादच्या घाऊक कापड बाजारात तेव्हा बाया डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहायच्या, हातगाड्या ओढायच्या. किती खेपा केल्या याची कुठे नोंद नाही, व्यापारी देईल ते घ्यायचं. त्या आपली तक्रार घेऊन इला भट्ट यांच्याकडे गेल्या. इलाबेन तेव्हा गिरणी कामगारांच्या मजूर महाजन या संघटनेत महिला विभाग सांभाळत होत्या.

इलाबेननी या बायांच्या हालांवर वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापाऱ्यांनी उलट छापून आणलं, छे, आम्ही तर चांगली मजुरी देतो, एवढी एवढी देतो. मग काय केलं माहीत आहे? महिला विभागाने व्यापाऱ्यांचं तेच म्हणणं कार्डावर छापलं आणि ती कार्डं हमाल बायांना वाटली. बाई कार्ड दाखवून म्हणायची, तुम्हीच छापलंय, द्या आता एवढी. मला ही युक्ती फार आवडते. भांडण नाही, शिवी नाही, त्यांचाच शब्द त्यांच्या पुढ्यात.

हे ऐकून जुने कपडे विकणाऱ्या बायाही आल्या. १९७१च्या डिसेंबरात एका बागेत सभा झाली, शंभराच्या वर बाया जमल्या. आणि त्या गर्दीतली एक बाई म्हणाली की आपली स्वतःची संघटना का काढू नये? त्या बाईचं नाव मी वाचलेल्या हकिकतीत नाही. पण तिच्या त्या बोलण्यातून ‘सेवा’ निघाली. नोंदणीला गेल्या तर कामगार खात्याने अडवलं. म्हणे तुमचा मालक कोण? मालक नाही तर युनियन कोणाविरुद्ध? सेवाच्या बायांनी सांगितलं की युनियन कोणाच्या विरुद्ध असावीच लागते असं नाही, ती काम करणाऱ्यांच्या एकीसाठी असते. शेवटी एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली.

थोडं थांबून हे आपल्याला लावून बघा. आपल्या गटातली बाई पापड लाटते, शेळ्या पाळते, गोधडी शिवते, मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. तिला कोणी विचारलं तुमचा धंदा काय, तर म्हणते, ‘‘काही नाही, घरीच असते.’’ जी बाई आपल्या कामाला कामच म्हणत नाही, ती कामाच्या संघटनेत कशी येणार? अहमदाबादच्या बायांना मालक नव्हता, हजेरी नव्हती, पगारपत्रक नव्हतं. पण आपण कामगार आहोत, हे त्यांनी आधी स्वतः मानलं आणि मग सरकारला मानायला लावलं.

बँकेची गोष्टही अशीच. एका बैठकीत सावकारी व्याजाचं रडगाणं चाललं होतं. जुने कपडे विकणाऱ्या चंदाबेननी विचारलं की आपली स्वतःची बँक का नको? इलाबेन म्हणाल्या, बाई गं, आपल्याकडे पैसा कुठाय? त्यावर चंदाबेनचं म्हणणं असं, की गरीब तर आहोतच, पण कितीजणी आहोत ते बघा की! दहा दहा रुपयांचे शेअर गोळा झाले आणि १९७४ मध्ये सेवा बँक उभी राहिली. त्यात एक अडचण आली. संचालक बायांना सही येईना, आणि अंगठ्यावर बँक कशी नोंदवणार, असं निबंधकांच्या कचेरीतून विचारलं गेलं. तेव्हा पंधराजणींनी रात्रभर बसून आपापलं नाव बिनचूक लिहायचा सराव केला आणि सही करून आल्या.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझी काखेतली वही आठवली. सही तीच. तिथे रात्रभर जागून मिळवलेली, इथे पिठाच्या हाताने दोन सेकंदांत दिलेली.

आता पुण्याला चला. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि मला वाटतं आपल्या कामाच्या सगळ्यात जवळची आहे.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बाया. पहाटे उठायचं, पाठीला पोतं, कुंडीत वाकायचं आणि कागद, काच, पत्रा, प्लास्टिक निवडायचं. ते भंगारवाल्याला विकायचं. तो वजन मारणार, हे ठरलेलं. रस्त्यावर कुत्री मागे लागणार, आणि पोतं पाहिलं की पोलीस चोरीचा संशय घेणार. यातल्या बहुतेक बाया दलित समाजातल्या. कितीतरीजणी खेड्यातून, दुष्काळाने शहरात आलेल्या. आपल्यासारख्याच.

१९९०च्या आसपास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघीजणी होत्या. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायचं म्हणून त्या कामाला लागल्या, आणि मुलं पहाटे कुठे जातात बघायला त्यांच्याबरोबर फिरल्या. तेव्हा कळलं, की मुलं शाळेत यावीत तर आईची कमाई वाढली पाहिजे. आणि कमाई वाढायला कचरा कुंडीत पडायच्या आधी, सुका निराळा काढलेला, घरातूनच मिळाला पाहिजे. सुक्या कागदाला भाव येतो, भाजीच्या पाण्यात भिजलेल्याला येत नाही, हे काही विद्यापीठात शिकवत नाहीत. विद्यापीठाने ओळखपत्रं दिली आणि कोरेगाव पार्क भागात तीसेक जणींना घरोघरचा वेगळा केलेला कचरा मिळू लागला. थोडी चांगली कमाई, थोडा मान.

तेवढ्यात एका उद्योजकाने त्याच भागात गाडीने कचरा नेण्याची सेवा सुरू करायचं ठरवलं. म्हणजे या तीसजणींचा घास गेला. बायांनी विरोध केला आणि ते काम वाचवलं. पण त्यातून सगळ्यांना एक धडा मिळाला. आज कोरेगाव पार्कात गाडी आली, उद्या दुसऱ्या पेठेत येईल. तीसजणी किती ठिकाणी आडव्या जाणार?

म्हणून मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा भरला. आठशेच्या वर कष्टकरी आले. अध्यक्ष होते हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव. तिथून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ सुरू झाली, आणि तिची रीतसर कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली. नाव बघा किती सरळ ठेवलंय. आपण जे वेचतो तेच नाव. लाज नाही, आडपडदा नाही.

मग काय मिळालं? ओळखपत्र मिळालं, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्या ओळखपत्राला पुणे महापालिकेने मान्यता दिली. तुम्ही म्हणाल, कार्डाने पोट भरतं का? नाही भरत. पण पोलिसाने हटकलं की पदरातून कार्ड काढून दाखवता येतं, ही गोष्ट लहान नाही. पुढे स्वतःची पतसंस्था निघाली. वजन मारणाऱ्या भंगारवाल्याला उत्तर म्हणून स्वतःचं भंगाराचं दुकान निघालं.

आणि त्यांनी हिशेब मांडला. २००१ मध्ये एक अभ्यास झाला. आपण कचरा वेचतो म्हणजे महापालिकेचा तो उचलायचा, वाहायचा खर्च वाचतो, तर तो किती? एका कचरावेचक बाईमागे महिन्याला २४६ रुपयांचं काम शहराला फुकट मिळतं, असं निघालं. हा आकडा घेऊन त्या महापालिकेत गेल्या. २००२-०३ मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. आम्हाला द्या हो, असं त्यांनी म्हटलं नाही. आमचं इतकं येणं आहे, असं म्हटलं.

त्यानंतर २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदवली गेली, आणि २००८ मध्ये महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. जी बाई कुंडीत वाकत होती ती दारात उभी राहून कचरा घेऊ लागली, आणि त्याची फी मिळू लागली. त्यांच्या वाटेत अजूनही अडचणी आहेत. करार संपला की पुन्हा नव्याने झगडा, मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांची भीती तर कायमचीच. सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

एक गोष्ट सांगायची तर सांगते, पोरींनो लाजू नका. दारोदार कचरा घेताना वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे, कशातही न गुंडाळता येत. हाताने निवडायचे कोणी? यांनीच. २०१३ मध्ये या बायांनी वापरलेले पॅड ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीम काढली. पॅड तुम्ही विकता, मग ते गुंडाळायची पिशवीही द्या, अशी मागणी. २०१६च्या देशाच्या घनकचरा नियमांत अशी पिशवी किंवा वेष्टन द्यायचं कलम आलं. कुठल्या अधिकाऱ्याला टेबलावर बसून सुचलं असतं हे?

पण या सगळ्याच्या मागे काय आहे, तर कंटाळवाण्या बैठका. पंचायतीत वस्तीवस्तीतून प्रतिनिधी बाया असतात आणि दर महिन्याला त्यांची बैठक होते. कोणाचं कार्ड हरवलं, कोणाच्या पोराची फी, कुठल्या सोसायटीने पैसे थकवले. त्यात नाचगाणं नाही, वडापावही रोज नसेल. पण प्रतिनिधी वस्तीतून विषय आणते आणि निरोप परत नेते. विमा, करार, भंगाराचं दुकान, सगळं या ये-जा करण्यावर उभं आहे. चिकरमाने ताई आणि नारायण ताई कितीही हुशार असल्या तरी ओल्या कागदाचा भाव त्यांना ठाऊक नव्हता. तो बायांनी सांगितला.

आता आपल्याकडे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ला निघालं. ‘उमेद’ २०११ला आलं. त्यामुळे आपल्याला संघटना तयार मिळाली. गट झाला, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. नोंदणीसाठी आपल्याला कोणी अडवलं नाही, रात्रभर सही गिरवायला लावलं नाही. हे चांगलंच झालं. पण आयतं मिळालेलं ताट आपलं वाटायला वेळ लागतो. कितीतरी बायांना अजून वाटतं की ग्रामसंघ ताईंचा आहे, म्हणजे माझा. उमेदचा आहे. बँकेचा आहे. ‘‘तुमच्या बैठकीला येते,’’ असं म्हणतात. तुमच्या! मी आता प्रत्येक वेळी टोकते, तर हसतात.

न येण्याची कारणं मला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. मजुरी बुडते. घरचे विचारतात की तिथे बसून काय मिळतं. दोन-तीनजणीच बोलतात, बाकीच्या ऐकतात. पद घ्यायचं म्हटलं तर हिशेबाची भीती, बँकेत जायची भीती, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर गाव आपल्यालाच धरेल ही सगळ्यात मोठी भीती. त्यामुळे तीच अध्यक्ष, तीच सचिव, वर्षानुवर्षं. पदं ठराविक काळाने बदलायची असतात, पण हात वर करणारी दुसरी नसली तर बदलणार कशी? मग पाच वर्षांनी आपणच म्हणतो, तिने सगळं बळकावलं. बिचारीने बळकावलेलं नसतं. आपण तिच्या गळ्यात टाकून घरी गेलेलो असतो.

आणि आमचीही चूक आहे, ती मान्य करते. आम्ही समन्वयक बैठक दुपारी बाराला ठेवतो, कारण आम्हाला परतीची गाडी पकडायची असते. आम्ही दीड तास माहिती सांगतो आणि ‘‘कोणाला काही विचारायचंय?’’ असं शेवटी, उठता उठता विचारतो. शहाद्याच्या त्या शिबिरात कोणी घड्याळ बघितलं असतं तर दारूचा विषय निघाला असता का?

कळसाडीत आम्ही तीन गोष्टी बदलून बघतोय. बैठक संध्याकाळी, शेतातून परतल्यावर. माहिती शेवटी, आधी प्रत्येक गटाची एक बाई आपल्या गटाचा एक विषय सांगणार, मग तो रेशनकार्डाचा असो की बोकडाच्या भावाचा. आणि ठराव बैठकीतच लिहायचा, मोठ्याने वाचायचा, मग सही. जी आली नाही तिची जागा कोरी. पहिल्या दोन महिन्यांत वहीत एवढ्या कोऱ्या जागा होत्या की तपासणीला मला बोलणी बसली. बसू देत. निदान वही खरं बोलत होती.

त्यातून एक विषय असाच निघाला. दोन गटांच्या बाया सुक्या मिरचीची पावडर करून विकतात, पण एकीच्या पिशवीचा भाव वेगळा, दुसरीचा वेगळा, आणि दुकानदार एकीला दुसरीचं नाव सांगून दोघींचा भाव पाडतो. हे मला माहीतच नव्हतं. सहा वर्षं काम करतेय मी! नेहमी कोपऱ्यात बसणाऱ्या एका सुनेने सांगितलं. तोंडावर पदर होता, पण सांगितलं. आता दोन्ही गटांनी एकच भाव ठरवायचा का, पिशवी एकसारखी घ्यायची का, आणि कांडपाचा खर्च कसा धरायचा, हे पुढच्या बैठकीत ठरायचंय. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून मी गप्प बसणार आहे.

आणि ती शेळ्यांवाली मावशी? त्या गावातून माझी बदली झाली. पण मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या सभेत भेटली. तिच्या ग्रामसंघाची ती आता कोषाध्यक्ष आहे. मला बघून तिने पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, ‘‘ताई, ही आता माझ्याकडे असते. तू मागितलीस तरी देणार नाही.’’

तर कळसाडीची बैठक येत्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजता, मारुतीच्या पाराजवळ. विषय मिरचीचा भाव आणि सचिवपद. सचिवताईंनी आता मला मोकळं करा असं सांगितलंय, तेव्हा कोणी हात वर करणार असेल तर आधी एकदा त्यांच्या घरी जाऊन वही बघून घ्या. हिशेब वाटतो तेवढा अवघड नाही. येताना बसायला पोतं आणा, सतरंजी एकच आहे.